माजी सैनिकाच्या मनावरील आघात : घराने, ले-आउटने आणि डॉक्टरांनी नेमके काय करावे?

कोराडीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणतो, चोवीस वर्षे पायदळात नोकरी करून तीन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आले. नोकरीचा बराच काळ काश्मीर खोऱ्यात गेला. तेथे काय काय घडले हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही. एका स्फोटात त्यांच्या सोबतचे दोघे गेले आणि दादांना खरचटलेसुद्धा नाही, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. घरी आल्यापासून ते रात्री दोन-अडीच तासांपेक्षा अधिक झोपत नाहीत, झोपेत ओरडतात, बसमध्ये किंवा बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत जायचे टाळतात, जेवायला बसताना पाठ नेहमी भिंतीकडे ठेवतात आणि मुलाच्या हातून ताट पडले तरी दहा मिनिटे थरथरत राहतात. फौजी कँटीनमधून मिळणारी रम पूर्वी पाहुण्यांसाठी असायची. आता ती महिना संपण्याआधीच संपते. रात्री झोप येतच नाही म्हणून त्यांनी एका गोदामावर रात्रपाळीचे बंदूकधारी रक्षक म्हणून काम धरले आहे.

मागच्या १५ ऑगस्टला आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वस्तीच्या, नागरिक समितीने त्यांचा सत्कार ठेवला. समितीचा हेतू चांगलाच होता. परंतु शाल पांघरताच मुलांनी मागे फटाक्यांची लड लावली, आणि दादा व्यासपीठावरून उतरले ते थेट पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. दोन तासांनी मी त्यांना घरी आणले. दुसऱ्या दिवशी ले-आउटमध्ये बोलले गेले की, हवालदार सकाळपासूनच घेऊन आले होते. त्या दिवशी त्यांनी थेंबही घेतलेला नव्हता. तेव्हापासून त्यांनी पारावर येणे सोडले आहे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मानसोपचारतज्ज्ञांचा विषय काढला, तेव्हा दादा एवढेच म्हणाले, "मी वेडा नाही," आणि उठून गेले. आता २६ जानेवारी जवळ येत आहे आणि समितीचे सचिव, जे खरोखर सज्जन गृहस्थ आहेत, मला विचारत आहेत की ले-आउटने काय करावे आणि काय करू नये. मला त्यांना नीट उत्तर द्यायचे आहे आणि ते मलाच माहीत नाही.

जुनी पलटण

कोराडीकर, मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि आता कामठीत राहतो. डॉक्टरकीचे मला कळत नाही, परंतु दादांनी "मी वेडा नाही" असे का म्हटले, हे मी तुम्हाला सांगू शकतो.

फौजेत जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते आणि त्यातले पहिले अक्षर 'एस' हे मनाच्या प्रकृतीचे असते. गुडघा गेला म्हणून श्रेणी खाली आली तर पलटणीत कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. पण 'एस'मध्ये श्रेणी लागली की हातातले हत्यार जाते, बढती अडते, आणि त्याहून अधिक म्हणजे सोबत्यांच्या नजरेत आपण कच्चे ठरलो असे माणसाला वाटू लागते. चोवीस वर्षे जो माणूस ही गोष्ट लपवत आला, त्याला घरी आल्याआल्या "चला, मनाच्या डॉक्टरांकडे" असे म्हटले की त्याच्या कानावर जुनीच धमकी पडते. त्यांना प्रथम हे सांगा की, पेन्शन सुरू झाली आहे, ती या उपचारामुळे कमी होणार नाही आणि पलटणीला काही कळवले जाणार नाही. हे वाक्य त्यांना घरच्यांपेक्षा फौजेतून आलेल्या माणसाने सांगितले तर लवकर पटेल.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, त्यांच्या पलटणीतला, शक्यतो त्याच काळात त्याच ठिकाणी असलेला, एखादा सोबती शोधा. फौजेत प्रत्येकाचा एक 'बडी' असतो. पहाऱ्यावर, गस्तीवर, जेवताना तो सोबत असतो. पेन्शनवर आलेल्या माणसाकडून घर, मान यांपैकी काहीच जात नाही. हा बडी मात्र एका दिवसात जातो. त्या सोबत्याने दादांकडे येऊन उपदेश करू नये. चहा प्यावा, त्यांच्यासोबत चालायला जावे, आणि स्वतःला झोप लागत नव्हती तेव्हा काय केले, हे एकदा सांगावे.

उपचाराच्या व्यवस्थेविषयी सांगायचे तर माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि मानसिक आजारही तिच्यात येतात. योजनेच्या पॉलिक्लिनिकमधील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटायचे, ते तपासून तज्ज्ञांकडे जाण्याचे रेफरल देतात, आणि मग लष्करी रुग्णालयात किंवा योजनेशी जोडलेल्या खासगी रुग्णालयात जाता येते. जिवावर बेतलेला प्रसंग असेल तर रेफरलची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे आणि नंतर पॉलिक्लिनिकला वेळेत कळवावे. दादांना पहिल्या दिवशी "झोप येत नाही" एवढ्याच तक्रारीसाठी नेले तरी चालेल. ते खोटे नाही आणि तेवढे सांगायला त्यांना लाजही वाटणार नाही.

कँटीनच्या कार्डाविषयीही थोडे. रम हा फौजी जीवनाचा भाग आहे, आणि कार्डावरचा कोटा आपला हक्क म्हणून महिन्याला उचलला जातोच. वहिनींनी ते कार्ड लपवू नये, कारण मग बाहेरची, त्याहून वाईट दारू येते. हा विषय सोबत्याने काढावा.

निशिगंधा

मी नागपुरात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. दादांना न पाहता निदान करणे योग्य नाही, तरीही तुम्ही लिहिलेले सर्व वाचून आघातोत्तर तणाव विकाराची, म्हणजे पीटीएसडीची, तपासणी लवकर करून घ्यावी असे मला स्पष्टपणे वाटते.

पहिल्या महायुद्धात यालाच 'शेल शॉक' म्हणत आणि सैनिकांवर भित्रेपणाचा ठपका येई. आजच्या नावाने हा विकार १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आला, आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मोठा होता. लक्षणे साधारण चार प्रकारची असतात: प्रसंग स्वप्नांतून किंवा जागेपणी पुन्हा अंगावर येणे, त्याची आठवण देणाऱ्या जागा, माणसे, विषय टाळणे, मन बधिर होणे किंवा आपण वाचलो हाच आपला गुन्हा वाटणे, आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे राहणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडले, तर तो आजार समजावा. भिंतीला पाठ लावून बसणे हा दादांचा हट्ट नाही. ज्या सवयीने त्यांना खोऱ्यात जिवंत ठेवले, ती सवय घरी आल्यावर आपोआप सुटत नाही, इतकेच. आणि "दोघे गेले, मी राहिलो" ही गोष्ट त्यांच्या आत किती खोल गेली असेल, याची कल्पना त्यांच्या मौनावरून येते.

आता एक गोष्ट इतर सर्व गोष्टींच्या आधी. तुम्ही लिहिले आहे की ते बंदूकधारी रक्षक आहेत. ती बंदूक त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची आहे का आणि दिवसा ती घरी असते का? झोप नाही, दारू वाढली आहे, अपमान झाला आहे, माणूस माणसांतून उठला आहे, आणि घरात कदाचित काडतुसेही आहेत. या सर्वांचे एकत्र येणे मला धोक्याचे वाटते. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोडा वेळ टिकतो, आणि त्या थोड्या वेळात हत्यार हाताशी नसले तर माणूस वाचतो. परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर पावती घेऊन जमा ठेवता येते, त्याने परवाना जात नाही. दादांना न विचारता ती हलवू नका, कारण विश्वास एकदा मोडला की पुढचे सर्व अवघड होते. आणि मरणाचे विचार येतात का, हे त्यांना सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तोवर त्यांना एकटे सोडू नका. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी १४४१६ या क्रमांकावर 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. सैन्यदलांसाठी तिचा एक स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

झोपेच्या गोळ्यांचे नाव तुम्ही दिलेले नाही. त्या बेंझोडायझेपिन गटातील असतील तर पीटीएसडीच्या मूळ आजारावर त्यांचा उपयोग होत नाही, सवय लागते, आणि रमसोबत त्या श्वास मंदावू शकतात. परंतु त्या स्वतःहून एकदम बंद करू नका, आणि रोज भरपूर दारू घेणाऱ्याची दारूही एकाएकी तोडू नका. दोन्हींत झटके येण्याचा धोका असतो. हे मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावे. त्यासाठी आपल्याकडे नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. मात्र दादांच्या मनात "वेडा" हा शब्द घर करून बसला असताना पहिली भेट सामान्य रुग्णालयात घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

या आजारावर गुणकारी उपचार आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. आघातावर केंद्रित मानसोपचार, म्हणजे त्या आठवणीकडे सुरक्षित जागी, ठरलेल्या क्रमाने पुन्हा पाहायला शिकवणारी पद्धत, साधारण आठ ते पंधरा बैठकांची असते. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर ही पद्धतही आहे. सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिनसारखी औषधे मदत करतात, पण त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. ज्यांच्याकडे जाल ते चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत आणि त्यांनी आघाताचे रुग्ण हाताळले आहेत, एवढे विचारून घ्या.

माझ्या व्यवसायबंधूंनाही येथे एक विनंती करते. नागपूर-कामठी पट्ट्यात माजी सैनिक एवढे आहेत की बाह्यरुग्ण विभागात आलेल्या प्रत्येक प्रौढाला "आपण कधी फौजेत किंवा पोलिसात होता का?" हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. निद्रानाश, वाढलेला रक्तदाब, पोटदुखी, दारू अशी तक्रार घेऊन माणूस येतो, प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी मिळते, आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारल्यावर मात्र पहिल्याच भेटीत संपूर्ण हकीकत काढून घेण्याची घाई करू नये. रुग्णाला दार दिसेल अशी खुर्ची द्यावी, त्याच्या मागून कोणी ये-जा करणार नाही असे पाहावे, किती वेळ लागेल ते आधी सांगावे. ज्या माणसाचे आयुष्य आदेश आणि वेळापत्रक यांवर चालले, त्याला पुढची पायरी स्पष्ट सांगितली की अर्धी भीती ओसरते.

कन्हानची सून

निशिगंधाताईंनी डॉक्टरांच्या बाजूने लिहिले, मी घराच्या बाजूने लिहिते. माझे यजमान श्रीलंकेच्या मोहिमेत होते, म्हणजे १९८७ ते १९९० च्या काळात. त्यानंतर वीस-बावीस वर्षे सर्व ठीक होते, म्हणजे मला तसे वाटत होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर सक्तीची विश्रांती मिळाली, आणि कामाखाली दबून राहिलेले सारे वर आले. तेव्हा दादांना उशिरा त्रास होतो म्हणून तो खोटा, असे कोणी म्हणू लागले तर ऐकू नका.

झोपेत ओरडणाऱ्या माणसाला हात लावून उठवू नका. एकदा मी यजमानांचा खांदा हलवला आणि त्यांनी माझे मनगट असे धरले की आठवडाभर ते सुजलेले होते. त्यानंतर ते स्वतः महिनाभर दुसऱ्या खोलीत झोपले, आणि ते दुःख मनगटापेक्षा मोठे होते. आता मी पलंगापासून चार हात दूर उभी राहते, दिवा लावते आणि नाव घेऊन म्हणते, "तुम्ही कन्हानला घरी आहात, मी येथे आहे, पहाटेचे तीन वाजले आहेत." पूर्ण जागे झाल्यावर पाणी देते आणि काही विचारत नाही.

आमच्याकडे खुल्या कोळसा खाणीतल्या सुरुंगांनी भांडी वाजतात. पूर्वी तो आवाज झाला की यजमान अंगणात आडवे होत. सुरुंग साधारण कोणत्या वेळी लागतात ते आम्ही लक्षात ठेवले आणि त्या सुमारास ते घड्याळ समोर ठेवून बसू लागले. आवाज येणारच आहे हे ठाऊक असले की त्यांना तो सोसतो. अचानक आला की सोसत नाही. ले-आउटला सांगण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे की फटाके, डीजे, मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल हे सर्व बंद करा असे आम्ही म्हणत नाही, परंतु केव्हा आणि कोठे वाजणार आहे हे आदल्या दिवशी घरी येऊन सांगा.

आणखी एक. तुम्ही सारे दादांविषयी विचारत आहात, वहिनींना कोणी विचारले का? रात्र-रात्र जागून, मुलांना गप्प करून, नातेवाइकांपुढे सबबी सांगून त्या किती थकल्या असतील, हे मला न पाहता कळते. डॉक्टरांकडे त्यांचीही एक भेट ठरवा, आणि आठवड्यातून एक दुपार मुलांना कोणीतरी आपल्याकडे न्या.

हिंगण्याची लेक

माझे वडील केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झाले आणि त्यांनी बरीच वर्षे गडचिरोलीत काढली. त्यांनाही असाच त्रास आहे. सुभेदार काकांनी सांगितलेली ईसीएचएस आम्हाला चालेल का?

जुनी पलटण

नाही, बेटा. ईसीएचएस ही सैन्यदलांच्या निवृत्तांसाठी आहे. केंद्रीय दलांच्या निवृत्तांना सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, कार्ड घेता येते आणि नागपुरात त्यांचे दवाखाने आहेत. कार्ड काढले नसेल तर वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रे घेऊन तेथे चौकशी कर. मेडिकल, मेयो आणि १४४१६ तर सर्वांसाठीच आहेत. जंगलात भूसुरुंगांच्या वाटेवर चाललेल्या माणसाचे मन आणि आमचे मन यांत काही फरक नाही, त्यामुळे त्यांना आमच्यात येऊन बसायचे असेल तर अवश्य यावे.

कोराडीकर, पेन्शनच्या बाबतीतही एक गोष्ट लिहायची राहिली. भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या जवानाला नोकरीत आजार जडला, तर तो नोकरीमुळेच झाला असे मानावे, आणि तसे नसेल तर वैद्यकीय मंडळाने कारणे द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले. दादांच्या निदानानंतर अपंगत्व पेन्शनचा प्रश्न येऊ शकतो. दाद सशस्त्र सेना न्यायाधिकरणात मागता येते, आणि सुरुवातीची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते. पण हे दुसऱ्या टप्प्याचे काम आहे. आधी उपचार, मग कागद; उलटे केले तर दादांना वाटेल की घरच्यांचा डोळा पैशांवर आहे.

कोराडीकर

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहीत आहे, कारण काही सांगण्यासारखे घडेपर्यंत थांबलो होतो.

निशिगंधाताई, बंदूक त्यांच्याच परवान्यावरची होती आणि घरातल्या कपाटात असे. मी दोन दिवस धीर गोळा करत होतो. शेवटी रात्री गच्चीवर त्यांना सरळ विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "सत्काराच्या रात्री आला होता विचार. मुलगा झोपला होता शेजारी." मी काहीच बोलू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो, त्यांनी स्वतःच्या हाताने बंदूक आणि काडतुसे जमा केली आणि पावती वहिनींकडे दिली. त्याच दुपारी त्यांना मेडिकलमध्ये दाखवले. गोदामाची नोकरी सुटली आहे, आणि घरखर्चाचे थोडे कठीण आहे, परंतु ते आम्ही पाहून घेऊ. गोळ्या आणि दारू दोन्ही हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि दादा ते भिंतीवर लावून त्यावर रोज खूण करतात.

सचिवांशीही बोललो. आजाराविषयी ले-आउटच्या व्हॉट्सअॅप गटावर एक शब्दही लिहिला जाणार नाही, हे त्यांनी मान्य केले. उपचाराची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिला आहे, हेही मी त्यांना सांगितले. २६ जानेवारीला सत्कार नाही. झेंडावंदनाला यायचे की नाही हे दादा ठरवतील, फटाके लागणार नाहीत, आणि टाकीच्या बाजूचे फाटक उघडे राहील. सचिवांना स्वतःहून एक गोष्ट सुचली, जी मला फार आवडली. दादा लाकूडकाम उत्तम करतात, आणि तान्ह्या पोळ्याला ले-आउटमधील मुले बाजारातले लाकडी बैल आणतात. यंदाचे बैल दादांनी मुलांना सोबत घेऊन आपल्या अंगणात घडवावेत, लाकूड समिती आणून देईल. दादांनी होकार दिलेला नाही, पण काल ते शेजारच्या सुताराकडे सागवानाचा भाव विचारत होते.

जुनी पलटण, पॉलिक्लिनिकला गुरुवारी जाण्याचे ठरले आहे. आपण सोबत येऊ शकाल का? दादांना आपली पलटण सांगितली, तेव्हा त्यांनी आपण कोणत्या सेक्टरमध्ये होता एवढे विचारले.

जुनी पलटण

येतो. सकाळी साडेआठला फाटकापाशी उभा असेन. त्यांचे मूळ स्मार्ट कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, प्रत आणि मेडिकलची चिठ्ठी सोबत घ्या, आणि वहिनींनाही आणा. सेक्टरचे त्यांना मी स्वतः सांगेन.